अलमेलूसाठी विश्वस्त पाहिजे

जयतीर्थ मामांनी छत्तीस वर्षं नुंगंबाक्कमच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर घालायचा, वहीत चढवायचा आणि पुढे सरकवायचा. कागदात काय लिहिलंय हे वाचणं त्यांच्या कामात येत नव्हतं, आणि आपण ते कधी वाचलंही नाही, असं ते अभिमानाने सांगतात. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी वही चालूच आहे. विजेचं बिल, लग्नाची पत्रिका, मठातून आलेलं पंचांग, सगळ्याला नंबर मिळतो. मैलापुरातल्या त्यांच्या घरावरची खोली मी भाड्याने घेतली तेव्हा माझ्या आधार कार्डाच्या झेरॉक्सला ११८२ नंबर मिळाला. करमाळ्याच्या शाळेत हजेरीपटावर मी दहावीपर्यंत सतराव्या नंबरावर होतो. त्यामुळे फारसं वाईट वाटलं नाही.

मामा तंजावरकडचे मराठी. इथे थोरल्या माणसाला मामा म्हणायची रीत आहे म्हणून मीही मामा म्हणतो. त्यांचं मराठी ऐकून पहिले दोन महिने मला वाटायचं, कोणीतरी ताम्रपट वाचतंय, तोही तमिळ चालीवर. माझं मराठी ऐकून त्यांना वाटायचं, मी भांडतोय. पुढे दोघांनाही सवय झाली.

घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची बहीण अलमेलू. वय साठ, आणि समज सात-आठ वर्षांची. घरात याला कोणी दुखणं म्हणत नाही. अलमेलू अक्का रोज सकाळी दिनदर्शिकेचं पान फाडते आणि पत्र्याच्या डब्यात ओळीने लावून ठेवते. असे एकवीस डबे आहेत. संध्याकाळी ती देवळाच्या तळ्याभोवतीच्या चार रस्त्यांनी फिरते, उजवीकडूनच. मांडव घालून रस्ता बंद केला असेल तर ती तिथेच थांबते, मांडव निघेपर्यंत थांबायची तिची तयारी असते. जेवायला ती बसते, पण समोरच्या पाटावर मामा बसल्याशिवाय घास उचलत नाही. मामांनी लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणतात, "वेळ सांपडला नाहीं."

मागच्या वर्षी मामांच्या छातीत दुखलं आणि त्यांना तीन दिवस इस्पितळात ठेवून आत एक नळी बसवली. ते तीन दिवस समोरच्या पाटावर मी बसलो. अक्काने पहिले दोन दिवस माझ्याकडे पाहिलं आणि ताट सरकवलं. तिसऱ्या दिवशी थोडा दहीभात खाल्ला, तोही मी पाटावरून उठून आत गेल्यावर. मामा घरी आले, इस्पितळाच्या कागदांना नंबर घातले आणि वही मिटून म्हणाले, "त्र्यंबका, मी गेल्यावर काय, हा कागद अजून कोठें आवकच झाला नाहीं."

तिथून वकील शोधायचं ठरलं. शोधायची माझ्याकडे पद्धत म्हणजे मोबाईल. मामांची पद्धत म्हणजे कॉफी पूड आणायला गेल्यावर दुकानदाराला विचारणं. दुकानाच्या माडीवरच शरण्या नावाच्या वकीलबाईंची कचेरी निघाली. चौतिशीच्या असतील. आजी आपल्यातली असल्यामुळे त्यांना मराठी कळतं, पण उत्तर तमिळमधूनच येतं. मी स्कूटरवरून मामांना पोचवायचो आणि खालच्या दळणाच्या वासात थांबण्यापेक्षा वर जाऊन बसायचो. तमिळ मला बऱ्यापैकी कळतं. तेव्हा त्यांचं पुढचं बोलणं माझ्या मराठीत.

"मृत्युपत्र करायचें म्हणून आलों," मामा म्हणाले. "घर आणि बँकेंतली ठेव, सगळें अलमेलूचे नांवें."

"करू या," शरण्या म्हणाल्या. "घर त्यांच्या नावावर झालं. आता घरपट्टी कोण भरेल? त्या सही करतात?"

"कागद दिला की फाडते. मग डब्यांत ठेवते."

"आणि उद्या कोणी गोड बोलून अंगठा घेतला तर?"

मैलापुरात तळ्यापासून दोन मिनिटांवर घर असलेल्या माणसाला हा प्रश्न दोनदा समजावून सांगावा लागत नाही. बिल्डरची माणसं दर पोंगलला मिठाईचा डबा घेऊन येतात. त्या डब्यांनाही नंबर आहेत.

शरण्यांनी मग न्यास म्हणजे काय ते सांगितलं. घर आणि ठेव न्यासात टाकायची. ती राहील विश्वस्तांच्या नावावर, पण वापरायची फक्त अलमेलू अक्कांसाठी. विश्वस्ताने सांभाळायचं, स्वतः खायचं नाही. त्या आहेत तोवर घर विकायचं नाही. त्यांच्यानंतर जे उरेल ते कोणाला, हेही आत्ताच लिहायचं, कारण असला न्यास अनंत काळ चालवता येत नाही. शिवाय अक्कांचा पालक म्हणून जिल्ह्याच्या समितीकडे वेगळा अर्ज, कारण घराचा कारभार एक आणि माणसाचा कारभार दुसरा.

"विश्वस्ताच्या हातीं सगळें, आणि त्याचें कांहींच नाहीं," मामा म्हणाले. "छत्तीस वर्षें मी हेंच केलें."

"हेच. फक्त इथे कागद वाचावा लागतो."

मामांनी ते मनाला लावून घेतलं नाही. "मग मृत्युपत्रापेक्षां ह्यांत बरें काय?"

"मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर चालू होतं. न्यास आजपासून चालतो. कुठे चुकत असेल तर बघायला तुम्ही असता. सध्या एक विश्वस्त तुम्ही. दुसरा कोण, ते ठरवून या."

ठरवायला दोनच माणसं होती. एक पुतण्या सुधींद्र, बंगळूरला सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर, दर महिन्याला फोन करणारा, गोड स्वभावाचा. दुसरी थोरल्या बहिणीची मुलगी रंजनी, तांबरमला शाळेत गणित शिकवणारी, फटकळ. पाच वर्षांपूर्वी एका श्राद्धाच्या जेवणात रसम खारट झालंय असं ती मोठ्याने बोलली होती. रसम खारट होतं यावर कोणाचंच दुमत नव्हतं. तरी त्यानंतर मामा आणि ती फक्त सणासुदीला बोलायचे.

आमच्याकडे असल्या वेळी लोक चौकशा करतात. मामांनी पत्रिका मागवल्या.

मला आधी वाटलं, आवक वहीसाठी असतील. पण मामांनी तिन्ही पत्रिका, म्हणजे अक्काची, सुधींद्रची आणि रंजनीची, जमिनीवर मांडल्या आणि पोरुत्तम बघायला घेतलं. इकडे लग्न जुळवताना दहा पोरुत्तम बघतात, आपले छत्तीस गुण बघतात तसं.

"मामा, हे विश्वस्ताचं आहे. लग्नाचं नाही."

"जन्मभर सांभाळायचें आहे. लग्नांत दुसरें काय असतें?"

माझं लग्न झालेलं नाही, त्यामुळे मी हे मान्य केलं. दहापैकी तीन पोरुत्तमांचा संबंध नवरा-बायकोखेरीज कोणाशी येत नाही, ते मामांनी मोठ्या मनाने सोडून दिले. उरलेल्या सातांत सुधींद्रला सहा मिळाले. रंजनीला एक, आणि तोही ओढूनताणून. मामा खूश झाले. सुधींद्रला फोन गेला. तो म्हणाला, "काका, तुम्ही म्हणाल तसं." गोड माणूस, खोटं नाही.

पुढच्या आठवड्यात सगळे कागद नंबर घालून शरण्यांकडे गेले. मामांनी एकही कागद मागे ठेवला नव्हता, त्यामुळे पत्रिकाही गेल्या. शरण्या कागद वाचणाऱ्यांपैकी आहेत. त्यांनी अपंगत्वाचा दाखला एका हातात धरला, पत्रिका दुसऱ्या.

"दाखल्यावर जन्म एकोणीसशे चौसष्ट. पत्रिकेत सदुसष्ट. तुम्हाला अलमेलू दोन आहेत का?"

मामांनी चष्मा काढून पुसला. मग खालच्या चक्कीचा आवाज थांबायची वाट पाहिली. चक्की थांबली नाही.

"एकोणनव्वद सालीं कुंभकोणचें स्थळ आलें होतें," ते म्हणाले. "मुलगी तेवीसच्या आंत पाहिजे म्हणाले. ही पंचवीसची. मी जोश्याकडून दुसरी करविली. तीन वर्षें लहान."

"आणि खरी?"

"दोन्ही ठेविल्यास घोळ होतो म्हणून ती काढून टाकली."

"स्थळाचं काय झालं?"

"आले. पाहिलें. कॉफी पिऊन गेले."

शरण्यांनी पत्रिका पाकिटात घालून परत दिली. म्हणजे सुधींद्रचं सातांत सहा जुळलं होतं ते सदुसष्टच्या एका मुलीशी, जी जन्मलीच नव्हती. मी हे जिन्यात बोललो. मामा म्हणाले, "स्कूटर काढ."

पण त्याआधी, वर असतानाच, शरण्यांनी एक तोड सांगितली होती. पाच दिवस तुम्ही घरातून जा. सुधींद्रला राहू द्या. मग पाच दिवस रंजनीला. कोण कसं करतं ते बघा आणि मग या. मामा म्हणाले, "आई गेल्यापासून बावीस वर्षांत, इस्पितळ सोडून, मी एक रात्र बाहेर काढिली नाहीं." शरण्या म्हणाल्या, "म्हणूनच."

मामांनी अक्काला सांगितलं, मंत्रालयाला राघवेंद्र स्वामींच्या दर्शनाला जातों. सुधींद्र आणि रंजनीलाही तेच सांगितलं. प्रत्यक्षात ते दहाही दिवस तीन किलोमीटरवर, तिरुवल्लिकेणीच्या एका मॅन्शनमध्ये खोली घेऊन राहिले. ही मॅन्शन म्हणजे एकट्या पुरुषांच्या खोल्यांच्या जुन्या इमारती. परीक्षांची तयारी करणारे, नवी नोकरी लागलेले तिथे राहतात. मॅनेजरने विचारलं, "बॅचलरच ना? फॅमिली आणायची नाही." मामा म्हणाले, "बहात्तर वर्षें बॅचलर आहे." मॅनेजरने पावती फाडली. मामांनी तिला तिथल्या तिथे नंबर घातला.

बातम्या पोचवायचं काम माझ्याकडे होतं. माझं ऑफिस तरमणीला, पण आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं. उरलेले दोन दिवस मी आजारी पडलो. मामांना अंदाजपंचे सांगितलेलं चालत नाही, म्हणून मी लॅपटॉपवर एक तक्ता केला. जेवण, झोप, फिरणं, आणि चौथा रकाना मामांनी सांगितलेला, "अण्णा कोठें म्हणून किती वेळां विचारिते."

सुधींद्र आला तो तयारीनिशी. भिंतीवर पांढरा फळा लावला, त्यावर वेळापत्रक. दिवसा एक परिचारिका. मोबाईलवरून मागवलेलं, कमी तिखटाचं जेवण. समोरच्या पाटावर तो स्वतः मांडी घालून बसायचा, गुडघा दुखत होता तरी. अक्का विचारायची, "अण्णा कोठें?" सुधींद्र सांगायचा, "मंत्रालयाला, आत्या. दर्शन करून येतील." पाच मिनिटांनी पुन्हा. पुन्हा तो तेवढ्याच शांतपणे सांगायचा. बंगळूरच्या मीटिंगमध्ये असला तरी आवाज बंद करून सांगायचा. मी त्याला एकदाही चिडलेला पाहिला नाही. मी असतो तर दुसऱ्या दिवशी फळा फोडला असता. अक्का थोडं जेवली, थोडं झोपली, तळ्याभोवती परिचारिकेबरोबर उजवीकडून फिरली. चौथ्या रकान्यातले पाच दिवसांचे आकडे : ४१, ३८, ४४, ४०, ३९.

मामांना हे आकडे आवडले. म्हणजे ते हळहळले, "पाप, किती आठवण काढिते," (पाप म्हणजे इकडे बिचारी), पण मेसमध्ये त्या दिवशी जास्तीचं अप्पळम, म्हणजे पापड, मागून घेतलं, हे मी पाहिलं.

मग रंजनीताई आली. तांबरमहून लोकलने, एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात सहामाहीचे पेपर. चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "ह्या शेंगा कोणी अशा चिरल्या? मावशी, तू?"

अक्का म्हणाली, "म्हैस आली."

"म्हैस तुझी आई. इकडे ये, नीट चिर."

"ती तुझी आजी," अक्का म्हणाली.

रंजनीताईने क्षणभर विचार केला. "बरोबर. चिर."

मी तक्त्यात "भांडण" असा नवा रकाना केला आणि दुपारपर्यंत तो भरला. रंजनीताई पाटावर समोर बसली नाही. ती शेजारी बसली, पाठ भिंतीला, डाव्या हाताने पेपर चाळत जेवली. अक्काने समोरच्या रिकाम्या पाटाकडे पाहिलं, मग रंजनीताईच्या ताटाकडे पाहिलं, आणि "तुला पापड दोन आणि मला एक?" असं म्हणून जेवायला सुरुवात केली. जेवणानंतर रंजनीताईने तिच्यापुढे पेपरांचा गठ्ठा टाकला. "हजेरी नंबराप्रमाणे लाव. चुकलीस तर सगळे परत." अक्काने आयुष्यभर तारखा लावल्या आहेत. एकशे साठ पेपर लावले. एक सापडेना, तर त्यासाठी तिने रंजनीताईची पिशवी उलटी केली. तो पेपर सापडला. त्यावरून पुन्हा भांडण.

आकडे : ९, ४, १, ०, ०.

चौथ्या दिवशी मला वाटलं, मोजण्यात चूक होतेय. म्हणून मी खाली जाऊन मुद्दाम विचारलं, "अक्का, अण्णा कुठे?"

"असेल कोठें तरी," ती म्हणाली. "तूं पेपरावर पाय देऊं नको."

त्या संध्याकाळी मी तिरुवल्लिकेणीला गेलो ते तक्ता न घेता. मामा खोलीबाहेर गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते.

"आज किती?"

"तीन-चार असेल."

"तीन की चार?"

"तीन."

"तक्ता कोठें?"

छत्तीस वर्षं आवक-जावक केलेल्या माणसाला तोंडी आकडा देऊ नये, हे मला कळायला पाहिजे होतं. शेवटी मोबाईलवर उघडून दाखवावा लागला. मामांनी तो जवळ धरून वाचला. रकान्यावरून बोट फिरवत खालपर्यंत आले आणि शून्यावर थांबले. दुसऱ्या एका रकान्यात मी त्यांचे फोन मोजत होतो, तो लपवून ठेवला होता. त्या दिवशीचे सतरा झाले होते.

"ताप नाहीं ना तिला?"

"नाही."

"जेविली?"

"दोन पापड मिळाले नाहीत म्हणून भांडली. मग जेवली."

"झोप?"

"दुपारी पेपरांवरच डोकं ठेवून झोपली. रंजनीताई ओरडली, पण उठवलं नाही."

मामांनी खाली रस्त्याकडे पाहिलं. बसला वाट मिळत नव्हती, ती वाजवत होती. मला वाटलं, काहीतरी धीराचं बोलावं. पण मला येतं ते सगळं चेष्टेतलं.

"सुधींद्र चांगला आहे," मामा शेवटी म्हणाले. "माझी आठवण तिच्यांत जागी ठेवील. पण तिला माझी आठवण कशाला पाहिजे? मी तर जाणारच." मग मोबाईल परत दिला. "शरण्याला सांग, रंजनी म्हणून लिही."

पण विश्वस्त नेमून चालत नाही, त्याने होय म्हणावं लागतं. मामा दुसऱ्या दिवशी घरी आले. अक्काने दारातच त्यांना पाहिलं आणि म्हणाली, "आलास? भात तुझ्यासाठीं ठेविला नाहीं." आणि ती पेपरांकडे वळली. मामांनी पाय धुतले आणि रंजनीताईसमोर बसून विचारलं. मंत्रालय म्हणजे तिरुवल्लिकेणी, हेही सांगितलं.

"मला माहीत होतं," रंजनीताई म्हणाली. "छत्री खुंटीवर नव्हती, आणि मंत्रालयाच्या कोरड्या मुलखात छत्री कोणी नेत नाही. आणि मामा, माझ्या पत्रिकेला एक मार्क दिलात म्हणे."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"मी होय म्हणते. पण पैशाचं आणि घराचं सुधींद्रनेही बघायचं, दोघांच्या सह्या झाल्याशिवाय काही हलायचं नाही. मला उद्या कोणी बोल लावलेला चालणार नाही. आणि दुसरं. तुम्ही दर महिन्याला पाच दिवस जायचं. मी येणार. तुम्ही गेल्यावर एकदम यायचं मला जमणार नाही, आणि तिलाही."

"दर महिन्याला?"

"नाहीतर दुसरा विश्वस्त बघा. पोरुत्तम बघून."

शरण्यांनी तसं लिहिलं. तीन विश्वस्त, एक लाभार्थी, अक्कानंतर उरेल ते अशाच मुलांच्या एका शाळेला. पाच दिवसांचं कलम बसत नव्हतं, पण मामांनी आग्रह धरला, कारण लिहिल्याशिवाय ते पाळायची आपल्याला खात्री नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मसुदा मात्र त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. तीन दिवस लागले. दोन चुका काढल्या. एकीत अक्काचं जन्मसाल होतं, ते त्यांनी स्वतःच्या हाताने चौसष्ट केलं.

नोंदणी कचेरीत सुधींद्र बंगळूरहून सकाळच्या गाडीने येऊन सही करून गेला. तोही मोकळा झाल्यासारखा दिसला. साक्षीदार म्हणून एक सही माझी. नोंदणी अधिकाऱ्याने मामांना विचारलं, हे तुम्ही राजीखुशीने करताय ना? मामांनी रांगेतल्या सगळ्यांना थांबवून त्यावर विचार केला.

"राजी आहे," ते म्हणाले. "खुशीचें विचारूं नका."

अधिकाऱ्याने शिक्का मारला. शिक्का जरा तिरका बसला, ते मामांना आवडलं नाही.

आता दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी रंजनीताई येते आणि मामा तिरुवल्लिकेणीला जातात. रंजनीताईला हक्काच्या रजा पुरत नाहीत, तेव्हा ती घरातूनच शाळेला जाते आणि दुपारी अक्काबरोबर परिचारिका असते, सुधींद्रच्या खर्चाने. फळा अजून भिंतीवर आहे. त्यावर अक्का आणि रंजनीताई एकमेकींच्या चुका लिहितात. मामांच्या शेजारच्या खोलीतल्या एका मुलाने त्यांना अर्जांवर नंबर घालायला दिलेत, त्यामुळे त्यांचा वेळ जातो म्हणतात.

काल फोन आला तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. त्या दिवसातला सहावा.

"त्र्यंबका, अलमेलू जेविली?"

"जेवली."

"मी बाकीचें विचारीत नाहीं. तूंही सांगूं नको."

"बरं."

"भाजी कोणती?"

"गवार."

"बारीक चिरली होती?"

"अक्काने जाड चिरली. रंजनीताईने पुन्हा चिरायला लावली."

"सरी," मामा तमिळमधलं बरं म्हणाले, आणि फोन ठेवला.